एप्रन खुंटीला टांगल्यावर

(मेडिकलला नव्यानं लागलेल्या आपल्या पोरापोरींच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसं नंतर लिहून काढलं. एकदोन शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



माझ्या आधी तिघं बोलले. तिघंही शिकलेले. पहिल्यानं सांगितलं, अभ्यास करा. दुसऱ्यानं सांगितलं, खूप अभ्यास करा. तिसऱ्या साहेबांनी सांगितलं, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हीही करा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आता मी काय सांगणार? मी मॅट्रिक, तेही गणितात दुसऱ्या खेपेला सुटलेला. गोदीत ठेकेदाराकडं लॅशिंग करतो. म्हणजे जहाजातला माल साखळ्यांनी आवळून बांधायचा, नाहीतर बांधून आलेला सोडवायचा. आजा बोर्डाचा कायम कामगार होता, मी पाळीवर. मिळाली पाळी तर पैसे. आणि कविता लिहितो. त्यातली एकही आज ऐकवणार नाही, घाबरू नका.

अभ्यासातलं मला कळत नाही. म्हणून मी अभ्यास सुटल्यावरचं बोलणार. लेक्चर संपलं, प्रॅक्टिकल संपलं, एप्रन खुंटीला टांगला. मग पुढं? संध्याकाळी कुठं जाता, कुणाच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसता, रविवारी तुमच्या दारावर कोण थाप मारतं, ताप आला तर तांब्याभर पाणी कोण देतं? ह्याला कुणी प्रश्नच समजत नाही. साडेचार वर्षांचा कोर्स, वर एक वर्ष इंटर्नशिप. साडेपाच वर्षं झाली. त्यातून वर्गातला वेळ काढा, वॉर्डातला काढा, झोप काढा. राहिलं त्याचा हिशेब विद्यापीठ मागत नाही. पण जात तिथंच दबा धरून असते. वर्गात तिला फारसं बोलता येत नाही. तिथं रोल नंबर असतो, हजेरी असते. ती वर्ग सुटायची वाट बघते.

फार मोठं बोललो. घरातलंच उदाहरण देतो.

माझा मावसभाऊ. परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबणारे. पोरगं नीटला बसलं, एकदा हुकलं, दुसऱ्यांदा लागलं. मुंबईतलं कॉलेज मिळालं. कॉलेजचं नाव घेत नाही. नाव घेतलं की भांडण त्या एका कॉलेजपुरतं होतं आणि बाकीची सगळी सुटतात. देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरला. लोखंडी पेटी, ज्वारीच्या पिठाचा डबा, ठेच्याची बरणी, आणि बापानं पेपरात गुंडाळून दिलेली बाबासाहेबांची तसबीर. आमची वस्ती त्याला त्या दिवसापासूनच 'डाक्टर' म्हणायला लागली. पोरानं अजून कॉलेजचा दरवाजा बघितला नव्हता.

पहिले दोन महिने वसतिगृह मिळालं नाही. तो आमच्याकडंच. शिवडीची खोली, दहा बाय बारा. आई, बाप, बहीण, मी, आणि माळ्यावर त्याचं हाडांचं खोकं. पहिल्या वर्षाला अभ्यासासाठी खरी हाडं लागतात, सीनियरकडून विकत घेतात. आईनं पहिल्या रात्री विचारलं, "कुणाची रं ही?" तो म्हणाला, "मावशी, म्हाईत न्हाई." आई म्हणाली, "आपल्यातल्याच कुणाची तरी असत्याल. बाकीच्यांची कोण देतंय अशी खोक्यात घालून?" मग तिनं त्या खोक्यापाशी उदबत्ती लावली. डाक्टर काही बोलला नाही. पण त्या हाडांना हात लावायच्या आधी तो हात धुवायचा. लोक नंतर धुतात, हा आधी धुवायचा.

मला सुट्टी असली की मी त्याला हिंडवायचो. पैसे लागत नाहीत अशी मुंबई मला तोंडपाठ आहे. शिवडीच्या जेट्टीवर नेलं. थंडीपासून पुढं तिथं चिखलात फ्लेमिंगो उतरतात, गुलाबी, हजारांनी. मागं तेलाच्या टाक्या, पुढं पाखरं. भायखळ्याला राणीच्या बागेत नेलं. तिथल्या म्युझियमला १९७५ साली भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. हे भाऊ दाजी म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, १८५१ ला बाहेर पडलेले डॉक्टर. डॉक्टरकी करून माणूस जुने शिलालेख वाचायचा, पोथ्या जमवायचा. डाक्टर म्हणाला, "दादा, ह्यांना वेळ कसा मिळायचा?" मी म्हणालो, त्यांच्या दारात जात उभी राहून वेळ खात नव्हती. पण हे तोंडाला आलेलं उत्तर होतं. खरं म्हणजे त्याला दुसरंच विचारायचं होतं. डॉक्टरकी शिकताना आणखी काही आवडलं तर चालतं का, हे त्याला विचारायचं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच सुटते. तिच्यात बसवलं. पोरानं एवढं मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण बघितलेलं. मला म्हणतो, "ह्याला दुसरा काठच न्हाई का?" लाँचमधून गोदी दाखवली. ती क्रेन, त्या क्रेनखाली मी. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ढोलकी काढली. होय, ढोलकी. पेटीत कपडे कमी होते, पण ढोलकी आणली होती. जयंतीच्या मिरवणुकीत गावात हाच वाजवायचा. त्या दिवशी लाँचवर कोळणी होत्या, उरणला जाणारे चार कामगार होते. सगळ्यांनी ताल धरला. मी कवी म्हणवतो स्वतःला, पण चाळीस-पन्नास माणसं मी एका वेळी कधी हलवली नाहीत.

मग वसतिगृह मिळालं. तिघांची खोली. पहिल्या रात्री नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिसरा प्रश्न, "नीटला रँक किती?" आमच्या आज्याच्या वेळी मुकादम टोळी लावताना आडनाव विचारायचा. आता रँक विचारतात. रँक सांगितली की आडनाव आपसूक सांगून होतं. डाक्टरनं खरी सांगितली. ते "अच्छा" म्हणाले. शिवी नाही, मारामारी नाही. नुसतं "अच्छा".

खोलीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तिघांचा. पंधरा दिवसांनी त्याला कळलं की आणखी एक ग्रुप आहे. त्यात हे दोघं आणि शेजारच्या खोलीतले चौघं. लोणावळा ठरायचा तो त्या ग्रुपवर. बाहेरून जेवण मागवायचं ठरायचं ते त्या ग्रुपवर. जुन्या नोट्स, सीनियरनं सांगितलेले परीक्षेचे प्रश्न, सगळं तिकडं. मग ह्याच्या ग्रुपवर काय यायचं? 'पंखा बंद कर.' 'चावी कुठाय?' आईनं सुकटीची चटणी दिली होती. त्यानं डबा उघडला तर एकानं खिडकी उघडली, दुसऱ्यानं मोबाईलवर काहीतरी लिहिलं, आणि दोघंही हसले. चटणी त्यानं रात्री गच्चीवर जाऊन खाल्ली. महिनाभर गच्चीवर.

आता ह्याची तक्रार कशी लिहायची? अट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे. त्यात 'अच्छा' म्हणल्याची शिक्षा नाही. खिडकी उघडायला कुणालाही परवानगी आहे.

कुणी म्हणेल, तुमचा पोरगा हळवा. बरं. मग दिल्लीला चला. तिथल्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे बघायला सरकारनं सुखदेव थोरातांची समिती नेमली. २००७ साली तिचा अहवाल आला. मिळाला तर वाचा. त्यात नुसते वर्ग आणि परीक्षा नाहीत. वसतिगृहात कुणाच्या खोल्या कुठल्या मजल्यावर सरकत गेल्या ते आहे. मेसमध्ये कोण कुणाशेजारी बसत नाही ते आहे. बास्केटबॉलच्या, क्रिकेटच्या मैदानावरून आपली पोरं कशी बाजूला पडली, कॉलेजच्या महोत्सवात का दिसत नाहीत, तेही आहे. देशातली सगळ्यात मोठी वैद्यकीय संस्था, आणि चौकशी करायला गेलेल्या माणसांना मैदान आणि मेस मोजावं लागलं! संस्थेनं तो अहवाल मानला नाही. मानला असता तरच नवल.

आणि २२ मे २०१९ ही तारीख. पायल तडवी. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजाची, मुंबईत स्त्रीरोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तिनं वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला. घरच्यांचा आरोप असा की खोलीतल्या सीनियर तिच्या गादीला पाय पुसायच्या. प्रकरण कोर्टात गेलं, मी त्याचा निकाल देणारा कोण? पण आरोपातली वस्तू बघा. पुस्तक नाही, पेपर नाही. गादी. माणूस दमून येऊन जिथं पाठ टेकतो ती जागा.

पैशाचं बोललंच पाहिजे. राज्य सरकारची बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी. मुंबईसारख्या शहराला वर्षाचे ६०,००० ठरले. ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० निर्वाहाचे. ८,००० भागिले १२. गणितात आपटलेल्या माणसालाही एवढं येतं. महिन्याला ६६६ रुपये. योजना वाईट नाही, ती लढूनच मिळालेली आहे आणि तुम्ही अर्ज भराच. पण त्या ६६६ मध्ये साबण आहे, तिकीट आहे, मोबाईलचं रिचार्ज आहे. मित्राला चहा पाजायचं कलम त्यात नाही. आणि चहा न पाजणाऱ्याला दोनदा बोलावतात, तिसऱ्यांदा बोलावत नाहीत. मग पोरगं म्हणतं, मला बाहेर जायची आवडच नाही. आवड नसती तर त्यानं ढोलकी आणली असती का?

ढोलकीचंही ऐका. कॉलेजचा महोत्सव आला. बँड होता, गिटार होत्या. तिथं ह्याला कुणी विचारलं नाही. मग एका 'गावाकडच्या आयटम'ला ढोलकीवाला हवा होता. धोतर, फेटा, कपाळाला बुक्का. हा गेला. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, जाऊ नको. बरं झालं विचारलं नाही, कारण तो गेला आणि मनासारखा वाजवून आला. शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिला तर रात्री नाचलेल्यांपैकी एकानंही सरकून जागा दिली नाही. स्टेजवरची ढोलकी त्यांना पाहिजे होती. खाली उतरलेला ढोलकीवाला नको होता. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. ते आपल्या जयंतीच्या पोस्टरवर कधी येत नाही. हातात पुस्तक, बोट वर. व्हायोलिन आपणही लपवून ठेवलंय.

इथवर तुम्ही माना हलवत होता, कारण शिव्या दुसऱ्यांना चालल्या होत्या. आता आपल्याकडं येतो.

रविवारी डाक्टर आमच्याकडं यायचा. तर आमच्या खोलीबाहेर रांग. एक्स-रे घेऊन, लघवीचा रिपोर्ट घेऊन, मुलगा होत नाही म्हणून, दारू सुटत नाही म्हणून. पहिल्या वर्षाचं पोरगं! मेलेल्या माणसाच्या हाताच्या नसा शिकतंय, आणि आमचे लोक त्याला म्हणतात, एवढी गोळी लिहून दे. तो म्हणायचा, मला अजून येत नाही. ते म्हणायचे, "एवढ्यातच फिरला व्हय रे?" मग तो त्यांच्याबरोबर ओपीडीला जायचा, केसपेपरच्या रांगेत उभा राहायचा. ते चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. आमच्या माणसाला त्या खिडकीवर कुत्र्यासारखं हाकलतात, एप्रनवालं पोरगं सोबत असलं की जरा नीट बोलतात. पण त्याचा रविवार गेला. दर रविवार गेला. आणि आपली मंडळी? जयंतीला स्टेजवर बसवायला डाक्टर, निषेध मोर्चात पुढं चालायला एप्रन घातलेला डाक्टर, कुणाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर डाक्टर. त्याला तू कसा आहेस, जेवलास का, तुझा दोस्त कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी तर त्याहून वाईट केलं. सांगून टाकतो. त्यासाठीच आज उभा राहिलोय.

एकदा संध्याकाळी दादर चौपाटीवर तो दिसला. चौघं होते. एक मालेगावचा मुसलमान पोरगा, एक कोळ्याची पोरगी, एक सांगलीकडची बामणाची पोरगी, आणि आमचा डाक्टर. एकाच पुड्यातून भेळ खात होते आणि हा हसत होता. मोठ्यानं, मान मागं टाकून. शिवडीहून वसतिगृहावर गेल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं. त्या दिवशी मी डबल पाळी मारून आलो होतो, पायात गोळे आले होते, आणि हा भेळ खातोय. दुसरं, त्या पोरीची जात. मी जात मोडा म्हणून कविता लिहितो, पण माझ्या भावानं माझ्या देखत मोडायला घेतली तर माझ्या पोटात कालवलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "समाजानं तुला ह्यासाठी पाठवला का? तुझी आय रानात वाकलीय आणि तू इथं पोरींबरोबर भेळ खातोयस? मजा करायला आलायस का डाक्टर व्हायला?"

तो काही बोलला नाही. हातातला कागद घडी करून खिशात घातला. एवढंच.

त्यानंतर त्यानं त्या तिघांशी बोलणं सोडलं. आमच्याकडं यायचाही बंद झाला. फोन केला की म्हणायचा, "अभ्यास चाललाय, दादा." मी खूश. वस्तीत सांगत सुटलो, डाक्टर एकदम लाईनवर आलाय.

मार्चमध्ये मला अनोळखी नंबरवरून फोन आला. वसतिगृहात झाडू मारणारा माणूस होता. आपलाच. म्हणाला, "तुमच्या पोराला घेऊन जावा. दोन म्हैने खोकतंय. मेसला जात न्हाई. खोलीतली दुसरी पोरं कवाच दुसरीकडं झोपाय गेली." पेटीच्या झाकणावर मी माझा नंबर ऑईलपेंटनं लिहून दिला होता, तो त्यानं वाचला. मी पाळी सोडून गेलो. गेटवर वॉचमननं माझे कपडे बघून सांगितलं, पेशंटची लाईन तिकडं. वर गेलो. पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं. उशाशी पुस्तक उघडं. गळ्याचं हाड इतकं वर आलेलं की मला ते माळ्यावरचं खोकं आठवलं.

टीबी.

डॉक्टरकी शिकणारं पोर, चोवीस तास हॉस्पिटलच्या आवारात, आणि दोन महिने खोकला लपवतं! मी ओरडलो त्याच्यावर. तो म्हणाला, "दादा, आधीच कोट्यातला म्हणतात. आता कोट्यातला टीबीवाला म्हणले असते." दवाखान्यात राबणाऱ्या पोरांना टीबी होणं मुंबईत काही नवं नाही. कुणालाही होतो. आनंदीबाई जोशी बामणाच्या, आणि तरी परक्या मुलखात त्यांचे थंडीनं, खाण्यापिण्यानं हाल झाले. १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं गेल्या. तेव्हा औषध नव्हतं. आता आहे. साधा टीबी असला तर सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत बरा होतो, आणि औषध लागू पडलं की थोड्या आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीतीही जवळजवळ जाते. हे त्याच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. पण 'तू खोकतोयस, चल दाखवून येऊ' एवढं म्हणणारं माणूस पुस्तकातून बाहेर येत नाही. ते माणूस मी चौपाटीवर घालवलं होतं.

त्याला शिवडीला आणलं. आठ दिवसांनी तो मालेगावचा पोरगा पत्ता शोधत आला. हातात अंडी, केळी, आणि सुटलेल्या सगळ्या लेक्चरच्या नोट्स, हातानं लिहिलेल्या. बाहेर नळापाशी मला म्हणाला, "दादा, हमारी क्या गलती हुई? ह्यानंच बोलणं सोडलं. कारण पण सांगितलं नाही." मी त्याला म्हणालो, कारण मी आहे. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मेरे अब्बा ने भी यही बोला था." आणि आत जाऊन डाक्टरच्या उशाशी बसला. सांगलीची पोरगी, कोळ्याची पोरगी, दोघी पुढच्या रविवारी आल्या. आईनं त्यांच्यापुढं सुकट ठेवली. सांगलीच्या पोरीनं डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली. तिखटानं की कशानं, मी विचारलं नाही.

डाक्टरची एक टर्म गेली. परीक्षा मागं पडली. पण तो परत गेला. आज इथं येणार होता, ड्युटी लागली.

आता तिसऱ्या साहेबांच्या अठरा तासांकडं येतो. राग मानू नका, साहेब. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले. कोलंबियाच्या वसतिगृहात राहिले, जेवण मानवेना, मग एका क्लबात राहिले, मग पुन्हा वसतिगृहात आले. तिथं त्यांच्याबरोबर राहिला नवल भथेना, पारशी पोरगा. ती दोस्ती वसतिगृहाच्या खोलीत लागली आणि जन्मभर पुरली. १९२० साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडन गाठायचं होतं तेव्हा त्यांनी ह्याच भथेनाकडून पैसे उसने घेतले. आणि मधे, १९१७ ला, बडोद्यात काय झालं? राहायला जागा मिळेना म्हणून पारशांच्या धर्मशाळेत उतरले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. तेही पारशी, हाही पारशी. फरक एवढाच की एकाबरोबर ते एका खोलीत राहिले होते. अठरा तास आपण पोरांना सांगतो. उरलेल्या सहा तासांतला भथेना सांगत नाही.

मी असं म्हणत नाही की सवर्ण पोरांच्या मागं लागा, त्यांच्या ग्रुपवर घ्या म्हणून नाक घासा. थू त्या ग्रुपवर. पण सगळेच 'अच्छा'वाले नसतात, आणि कोण कसा आहे हे खोलीचं दार लावून बसल्यावर कळत नाही. मैदानावर जा. हरा. महोत्सवात धोतर नेसूनच नव्हे, शर्ट-पँट घालून ढोलकी वाजवायची म्हणून अडून बसा. आणि वस्तीतल्या लोकांनो, मागं उभे आहात तुम्ही, पोराला महिन्यातला एक रविवार मोकळा द्या. तुमचे रिपोर्ट मी वाचून घेईन कुणाकडून तरी. मेलं नाही कुणी त्यावाचून.

पोरींचं मी बोलायला अर्धवट माणूस. मघाशी चहाच्या वेळी एक बहीण मला म्हणाली, "दादा, इथं यायला मला वॉर्डनकडून चिठ्ठी घ्यावी लागली. रात्री मुलांचं गेट उघडं आणि आमचं बंद. आणि इथं आल्यावर तुमच्या कार्यकर्त्यांनी मला पहिलं काम काय दिलं माहितीय? पाहुण्यांना फुलं द्यायचं." ती फुलं मीही घेतली. पुढच्या वेळी माझ्या जागी ती बोलेल, आणि फुलं तिसरे साहेब वाटतील. हसू नका, ठरलंय हे.

आम्ही काय करतो ते सांगतो आणि बसतो. फार मोठं काही नाही. डाक्टर, मालेगाववाला, त्या दोघी, मी, आणि गोदीतले माझे दोन सोबती. महिन्यातला दुसरा रविवार. कुणी आजारी आहे का, कुणाची शिष्यवृत्ती अडकलीय का, कुणाला खोलीत त्रास आहे का, हे लाँच सुटायच्या आधी विचारून घेतो. एकदा लाँच सुटली की त्यातलं काही बोलायचं नाही. रिपोर्ट दाखवायचे नाहीत. भाषण करायचं नाही, मीसुद्धा. कविता म्हणायचीच झाली तर एक.

येत्या रविवारी सकाळी साडेसात, भाऊचा धक्का. हार्बर लाईननं डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून चालत. मोरा बंदराचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. ज्याच्याकडं नसेल त्यानं मला आधी कानात सांगायचं, सगळ्यांपुढं नाही. ढोलकी येतेय. आई सुकट देणार आहे, वास ज्याला सोसत नाही त्यानं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं.